जुने वस्तरे : घेताना काय बघायचं, विकताना काय सांगायचं?

नवागडी

नमस्कार मंडळी. तीनेक वर्षं सेफ्टी रेझर वापरतोय, आता वस्तऱ्याकडे वळायचं पक्कं केलंय, आणि तो पण ब्लेड बदलायचा नाही, खराखुरा, निसण्यावर धार लावायची आणि चामड्याच्या पट्ट्यावर फिरवायचा तसला. नवीन चांगला वस्तरा झेपणार नव्हता म्हणून ऑनलाइन लिलावात चार जुन्या वस्तऱ्यांचा एक लॉट घेतला. फोटो लांबून काढलेले होते, वर्णनात फक्त 'जुने, चांगल्या स्थितीत' एवढंच. काल पार्सल आलं आणि आता चौघांकडे नुसता बघत बसलोय.

१) जर्मनीतल्या सोलिंगेनचा, ५/८ इंच रुंदीचा, काळी मूठ, पातं एकदम पातळ, नखाने टिचकी मारली की छान आवाज येतो. चौघांत हाच सगळ्यात देखणा.

२) इंग्लंडमधल्या शेफिल्डचा, वेड अँड बुचर असा शिक्का, रुंद आणि जड, शिंगाची मूठ पण तिला किड्याने पाडलेली दोन भोकं आणि पिनपाशी एक चीर. पात्यावर काळे डाग.

३) फक्त 'जर्मनी' लिहिलेला, मूठ पिवळसर, अर्धवट आरपार दिसणारी. मूठ बंद केली की पात्याचा जो भाग आत जातो तिथेच गंज आहे, बाकी पातं बऱ्यापैकी स्वच्छ. उघडला की कसलातरी झणझणीत वास येतो.

४) एकदम चकचकीत, शिक्का अस्पष्ट, नवाच वाटतो.

विचार असा की एक दाढीसाठी ठेवायचा आणि बाकीचे विकून पट्टा आणि दगडाचा खर्च काढायचा. मला वाटतंय १ नंबर ठेवावा, बाकीचे चकाचक पॉलिश करून विकावेत. बरोबर आहे का? आणि दुसऱ्या कुणीतरी वापरलेला वस्तरा गालाला लावायचा म्हणजे आधी काय करायचं? विकताना काय लिहायचं तेही सांगा, कारण माझ्याशी जे झालं, म्हणजे फोटोत एक आणि हातात भलतंच, ते मला दुसऱ्या कुणाला करायचं नाहीये.

शिंगाची_मूठ

बाकी सगळं नंतर. ३ नंबर आत्ता लगेच बाकीच्या तिघांपासून लांब ठेव, वेगळ्या खोलीत ठेवलास तरी चालेल पण एका डब्यात अजिबात नको.

तुझी ती पिवळसर मूठ सेल्युलॉइडची आहे आणि ती कुजतेय. सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांचं जुनं प्लॅस्टिक, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हस्तिदंत आणि कासवाच्या पाठीची नक्कल करायला हे भरपूर वापरलं गेलं, आणि आजही शेकडो मुठी ठणठणीत आहेत. पण एखादी कुजायला लागली की तिच्यातून नायट्रोजन ऑक्साइडची वाफ सुटते, हवेतल्या दमटपणाबरोबर तिचं आम्ल होतं आणि ते पोलाद खातं. म्हणून गंज नेमका मुठीत जाणाऱ्या भागावरच आहे, बाहेर राहणाऱ्या, बोट टेकवायच्या शेपटीवर नाही. पितळी पिनेपाशी हिरवट काही दिसतंय का बघ, तीही खूण आहे. आणि ही वाफ शेजारच्या वस्तऱ्यालाही सोडत नाही. माझ्या एका ड्रॉवरमध्ये अशी एकच मूठ होती आणि तिच्यामुळे शेजारचे दोन चांगले वस्तरे गेले, मला कळायला सहा महिने लागले, फार वाईट वाटलं होतं.

यावर उपाय नाही, तेल लावून किंवा पुसून कुजणं थांबत नाही. पिना कापून मूठ काढून टाकायची, पातं पुसून तेल लावून ठेवायचं. आणि मूठ कशाची आहे हे बघायला तापलेली सुई टोचायचा प्रयोग कुठे वाचलास तर करू नकोस, सेल्युलॉइड भसकन पेट घेतं.

पाचरवाला

शिंगाची मूठ यांनी सांगितलं ते आधी कर, मग हे वाच.

तू चौघांची ओळख करून दिलीस ती मूठ, शिक्का, चकाकी आणि आवाजाने. वस्तरा दाढी करेल का नाही हे यातलं काहीच सांगत नाही. ते सांगते पाठ (धारेसमोरची जाड कड) आणि धार, आणि त्यांच्यातलं नातं. वस्तरा निसण्यावर आडवा ठेवतात तेव्हा पाठ आणि धार दोन्ही एकदम दगडाला टेकतात, म्हणजे कोन हाताने धरायचा नसतोच, तो करणाऱ्याने पाठीच्या जाडीतच बांधून दिलेला असतो. पात्याची रुंदी पाठीच्या जाडीच्या साडेतीन पट असली की धारेचा कोन १६ अंशांच्या आसपास पडतो आणि दाढीला तो उत्तम. तीन पटच असली तर १९ च्या जरा वर जातो, म्हणजे धार टिकेल पण दाढी ओढल्यासारखी होणार. चार पट झाली की साडेचौदाच्या खाली येतो, धार सुंदर लागते पण लवकर मोडते.

आता ज्याच्यावर वर्षानुवर्षं कुणीतरी जोर देऊन धार लावलीय त्याचं काय होतं, तर पाठीवर दोन्ही बाजूंना सपाट पट्टे पडतात. बारीक, एकसारखे पट्टे असायचेच, दगड बघितलेल्या प्रत्येक वस्तऱ्याला असतात. पण ते रुंद झाले, एका बाजूला जास्त दुसऱ्या बाजूला कमी झाले, किंवा टोकाकडे फुगत गेले, तर समजायचं की पातं तेवढं झिजलंय आणि वाकडं झिजलंय. जोडीला धारेची रेघ बघायची. सरळ चालेल, बाहेरच्या बाजूला हलकी फुगीर असेल तर उलट चांगलं, कित्येक जुने वस्तरे मुळातच तसे घडवलेले असतात. मधे आत गेलेली धार मात्र नको, कारण दगडावर टाच (मुठीकडचा शेवट) आणि टोक टेकतं आणि मधला भाग अधांतरी राहतो, तो सरळ करायचा तर दोन्हीकडचं पोलाद घालवावं लागतं.

तू आता एक काम कर. व्हर्नियर घे आणि चौघांची पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी टाचेशी, मधे आणि टोकाशी अशी तीन ठिकाणी मोजून इथे टाक. मग काचेच्या सपाट तुकड्यावर पातं आडवं ठेव, हलकं दाबून डुगडुगतंय का बघ. मग दहापटीचं भिंग आणि टॉर्च घेऊन धारेवरून एकेक मिलिमीटर जा, दोन्ही बाजूंनी. कपच्या दिसतीलच, त्यांची चिंता नको, अर्ध्या मिलिमीटरची कपची दगडावर निघते. शोधायचा आहे तडा. केसाएवढी रेघ असते, धारेपासून पाठीकडे जाणारी, टॉर्च तिरका केला की तिथे उजेड तुटल्यासारखा दिसतो. शंका आली तर पातळ तेल लावून पाच मिनिटं थांब, कोरडं पुसून टाक आणि परत बघ, तडा असला तर त्यातून तेल झिरपून रेघ उमटते. पातळ पोकळ घासलेल्या, म्हणजे दोन्ही बाजू आत खोलगट केलेल्या पात्याची, म्हणजे तुझ्या १ नंबरसारख्याची, यासाठी जास्त काळजीने तपासणी कर. पाचरीसारखं जाड पातं सहसा तडकत नाही.

जुनंपोलाद

शिक्क्यांबद्दल मी सांगतो, माझा जीव त्यातच आहे.

शेफिल्डचं नाव झालं ते क्रुसिबल पोलादामुळे. बेंजामिन हंट्समन याने १७४० च्या दशकात मुशीत पोलाद वितळवून एकजीव करायची पद्धत बसवली आणि त्याआधी पोलादात राहणारा मळ, रेघा, मऊ-कडक पट्टे हे सगळं गेलं. वस्तऱ्याच्या धारेला हेच तर हवं असतं. पुढे शंभरेक वर्षं चांगला वस्तरा म्हणजे शेफिल्डचा हे जगभर चाललं, जोसेफ रॉजर्सचा तारा आणि माल्टीज क्रॉस, वोस्टनहोमचा आय-एक्स-एल, तुझा तो वेड अँड बुचर. वेड अँड बुचरचा माल अमेरिकेत प्रचंड गेला म्हणून आज तिकडच्या लिलावांत तो भरपूर दिसतो. मग पातं आणखी आणखी पोकळ घासायचं तंत्र सोलिंगेनवाल्यांनी असं काही पुढे नेलं की एकोणिसावं शतक संपता संपता बाजार त्यांच्याकडे सरकला. स्वीडनचं एस्किल्स्टुना, फ्रान्सचं थिएर हीपण लक्षात ठेवायची गावं, स्वीडिश पोलादावर तर मी डोळे झाकून विश्वास ठेवतो, हेलियेस्त्रांडचा एखादा हाताला लागला तर सोडू नकोस.

साल काढायचं तर शिक्का एवढी मदत करतो. अमेरिकेत १८९० च्या मॅकिन्ली टॅरिफ कायद्याने बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं, म्हणून 'जर्मनी' किंवा 'इंग्लंड' लिहिलेला वस्तरा बहुतेक वेळा त्यानंतरचा. पण उलटं खरं धरू नकोस, देशाचं नाव नाही म्हणजे जुनाच असं नाही, तो अमेरिकेला पाठवायचा नसेलही. शिक्क्यात मुकुट आणि व्ही-आर असेल तर व्हिक्टोरिया राणीचा काळ, १८३७ ते १९०१. डब्ल्यू-आर असेल तर विल्यम चौथा, १८३० ते १८३७, आणि असा मिळाला तर मला आधी कळव. शेपटीवरूनही अंदाज येतो, अठराव्या शतकातल्या वस्तऱ्यांना शेपटी नसते किंवा नुसता कोंब असतो, बोट टेकवायची लांब वळणदार शेपटी नंतरची.

'सोलिंगेन' या शब्दाला जर्मनीत १९३८ साली कायद्याने संरक्षण मिळालं, त्या भागात बनलेल्या मालावरच ते नाव घालता येतं. तरी खोटे शिक्के मारणारे मारतातच, तेव्हा नाव वाचून पैसे मोजू नकोस. उलट बाजूही सांगतो, ज्यांची नावं कुणाला माहीत नाहीत अशा शेकडो छोट्या कारखान्यांचा आणि दुकानदारांनी आपल्या नावाने करवून घेतलेला माल तितकाच चांगला असतो आणि खूप स्वस्तात जातो, कारण घेणारे सगळे चार-पाच मोठ्या नावांमागे पळतात.

आणि हात जोडून विनंती, २ नंबर पॉलिश करू नकोस. काळे डाग म्हणजे गंज नव्हे. लाल, भुकटी सुटणारा गंज काढायचा, करडा-काळा थर राहू द्यायचा. बफ मारलास तर पाठीवरच्या कडा गोल होतात, शिक्का पुसट होतो, पात्यावर कोरलेलं काही असेल तर ते जातं आणि दीडशे वर्षांचा वस्तरा कालच केल्यासारखा दिसायला लागतो.

सावकाश

जुनंपोलाद यांच्याशी थोडं असहमत. संग्रहाची वस्तू असेल तर त्यांचं शंभर टक्के बरोबर. पण मूठ तडकलेली, पातं डागाळलेलं, असा वस्तरा दाढीसाठी ठेवायचा असेल तर हाताने सॅंडपेपर मारून, बारीक बारीक करत २००० नंबरपर्यंत जाऊन स्वच्छ केला तर त्यात काही पाप नाही. मी अनेक केलेत आणि त्यातले बरेच आज कुणाच्या ना कुणाच्या गालावर रोज चालतायत, ड्रॉवरमध्ये पडून राहण्यापेक्षा मला ते जास्त आवडतं.

मशीन मात्र नको, हे मी पण सांगेन. छोट्या फिरत्या बफने धारेजवळचं पातळ पोलाद काही सेकंदांत तापतं. साधारण २०० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की पोलादाचं पाणी उतरायला लागतं, आधी पिवळट छटा येते, मग जांभळी, निळी. निळं झालेलं पातं परत पॉलिश करून चांदीसारखं करता येतं आणि फोटोत कळणार पण नाही, पण धार धरणार नाही. लिलावात आरशासारखा चमकणारा जुना वस्तरा दिसला की मी आधी हाच प्रश्न विचारतो, कशाने पॉलिश केलाय, आणि उत्तर गोलमाल आलं की पुढे जातो.

विकण्याबद्दल. मी एकदा 'शेव्ह रेडी', म्हणजे थेट दाढीला तयार, म्हणून एक वस्तरा घेतला, विकणारा कोण ते जाऊ दे. धार खरंच होती, पहिल्या दोन दाढ्या सुंदर झाल्या. तिसऱ्या वेळी हनुवटीजवळ काहीतरी खुपलं, भिंगाखाली बघितलं तर चार मिलिमीटरचा तडा. विकणाऱ्याला माहीत होतं का नाही हे मला आजही माहीत नाही, पण फोटो फक्त एकाच बाजूचे होते, ज्या बाजूने तडा दिसत नव्हता. तेव्हापासून माझा नियम, घेताना न दिसलेल्या बाजूचा फोटो मागायचा आणि विकताना न विचारता द्यायचा.

फोटो किती तर दोन्ही बाजू, पाठ वरून, धार समोरून, शिक्का, दोन्ही पिना, आणि बंद केलेल्या अवस्थेत वरून एक. बंद केल्यावर पातं मुठीच्या बरोबर मधे बसतं का एका बाजूला घासतं हे त्या शेवटच्या फोटोतच कळतं. फ्लॅश वापरू नकोस, खिडकीशी, तिरक्या उजेडात काढ, फ्लॅशमधे खड्डे गायब होतात.

'शेव्ह रेडी' हा शब्द तू स्वतः त्याने दाढी केली असशील तरच लिही. हाताचे केस उडणं किंवा लोंबता केस कापला जाणं म्हणजे शेव्ह रेडी नव्हे. नाहीतर सरळ लिही, 'धार लावलेली नाही, घेणाऱ्याने लावून घ्यावी.' जाणकार लोक असं वाचून उलट निर्धास्त घेतात, कारण त्यांना धार स्वतःच लावायची असते.

नवागडी

बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून धन्यवाद. ३ नंबरची मूठ काल रात्रीच काढली, पिनेपाशी खरंच हिरवं होतं. पातं आतून खड्ड्यांनी भरलंय आणि खड्डे थेट धारेपर्यंत आलेत.

मापं (मधली, मिलिमीटरमध्ये) : १ नंबर रुंदी १५.०, पाठ ४.२. टोकाशी रुंदी १३.६, पाठ ४.१, आणि टोकाकडे पाठीवरचा पट्टा एका बाजूला चांगलाच रुंद आहे. २ नंबर रुंदी २२.०, पाठ ६.४, टाच-मध-टोक जवळपास सारखंच. ४ नंबर रुंदी १९.०, पाठ टाचेशी ५.२ पण मधे ४.०, आणि काचेवर डुगडुगतो.

आणि वाईट बातमी म्हणजे १ नंबरला टोकापासून साधारण १ सेंटिमीटरवर एक रेघ आहे, तेल लावून पुसल्यावर परत उमटली. दोन्ही बाजूंना दिसते. मला तोच ठेवायचा होता. दगडावर घासून तडा संपेपर्यंत पोलाद काढता येईल का?

पाचरवाला

रेघ धारेपासून किती वर गेलीय? एक मिलिमीटरच्या आत असेल तर काही जण घासून काढतात. तुझ्या बाबतीत दोन कारणांनी मी नाही म्हणेन. एक, टोकाशी आत्ताच कोन सव्वासतरा झालाय, मधे सोळा आहे, म्हणजे पातं आधीच वाकडं झिजलंय, आणखी दोन मिलिमीटर घालवलेस तर टोकाशी वीस अंशांवर जाईल आणि ते घालवलेलं पाठीतूनपण जाणार. दुसरं म्हणजे तडा जेवढा दिसतो त्याच्या पुढे थोडा असतोच. पातळ पात्याचा तुकडा दाढी करताना सुटला तर काय होईल याचा विचार कर. तो वस्तरा गालाला लावायचा नाही आणि गालाला लावण्यासाठी विकायचापण नाही. मूठ चांगली असेल तर मुठीसाठी विक, कुणीतरी ती दुसऱ्या पात्याला बसवेल.

४ नंबर वस्तऱ्याच्या आकाराची एक वस्तू आहे. पाठच सारखी नाही, मग कोन सारखा कुठून येणार, मधे बारा अंश आणि टाचेशी सोळाच्या आसपास. दगडावर तो एका रेघेत कधी बसणारच नाही. चकाकी बघता तो स्टेनलेस असावा, पण स्टेनलेस आहे म्हणून वाईट असं समजू नकोस, हेंकेल्सचे जुने फ्रिओडुर स्टेनलेस असून अप्रतिम दाढी करतात. हा वाईट आहे तो भूमितीमुळे.

राहिला शेफिल्ड, ज्याला तू दुसऱ्या नंबरवर टाकला होतास. २२ भागिले ६.४ म्हणजे जवळपास साडेतीन पट, कोन साडेसोळाच्या जरा वर. ७/८ इंच म्हणजे मुळात २२.२ मिलिमीटर, म्हणजे दीडशे वर्षांत त्याने पाव मिलिमीटर सुद्धा गमावलेलं नाही! कुणीतरी फार जपून वापरलाय किंवा फारसा वापरलाच नाही. डाग धारेला टेकतात का तेवढं भिंगाने बघ. टेकत नसतील तर तुझा वस्तरा हाच.

पहिली धार मात्र स्वतः लावू नकोस, जाणकाराकडून लावून घे. कारण असं की नवशिक्याला धार चांगली लागली म्हणजे कशी लागते हेच माहीत नसतं, मग दाढी खराब झाली की दोष दगडाचा, पट्ट्याचा, हाताचा का पात्याचा हे कळायला मार्ग नसतो. एकदा खरी धार अनुभवलीस की तिथपर्यंत परत कसं पोचायचं ते शिकता येतं. नंतर दगड घेशील तेव्हा १००० नंबरच्या दगडाने धारेचं बूड बसवायचं, मग ४ किंवा ५ हजार, ८ हजार, १२ हजार. पाठीला इन्सुलेशन टेपचा एक थर लाव म्हणजे तिच्यावर नवे पट्टे पडणार नाहीत, कोन साधारण एका अंशाने वाढतो, तुझ्या पात्याला ते चालेल. टेप एकदा लावलास तर पुढे दर वेळी लावावा लागेल हे लक्षात ठेव, नाहीतर धार दगडाला टेकणारच नाही.

पट्ट्यावर रोज, दाढीच्या आधी. पाठ पुढे, धार मागे, आणि उलटताना पाठीवरून उलटायचा, धारेवरून नाही. नवशिक्यांच्या धारा दगडावर कमी आणि पट्ट्यावर जास्त बिघडतात.

चांदणी

स्वच्छतेचं कुणी सांगितलं नाही म्हणून लिहिते, मी रक्ताच्या तपासणीच्या लॅबमध्ये काम करते. हिपॅटायटिस बी चा विषाणू कोरड्या पृष्ठभागावर निदान सात दिवस जगू शकतो, त्यामुळे 'जुना आहे, त्यावर आता काय असणार' हे वीस वर्षं पडून असलेल्या एखाद्या वस्तऱ्याला ठीक आहे, पण मधे कुणी तो वापरून बघितला असेल, धार लावताना कुणाचं बोट कापलं असेल, ते तुला ठाऊक नसतं. आधी साबण आणि कोमट पाण्याने मळ, जुनं तेल, वाळलेला साबण पूर्ण काढ, पिनेच्या फटीतला पण, कारण मळाखाली जंतुनाशक पोचत नाही. मग सलूनमध्ये वापरतात तसलं हॉस्पिटल दर्जाचं जंतुनाशक, बाटलीवर लिहिलंय तितकाच वेळ. नंतर लगेच पूर्ण कोरडा करून तेल. उकळू नकोस, शिंगाची मूठ वाकडी होते. धार लावून परत आला की हेच पुन्हा.

पाठवण्याबद्दल पण सांगते, मी दोन-तीन विकलेत. धारेवर चिकटपट्टी कधीच लावायची नाही, सोडवताना बोट जातं. बंद करून मुठीभोवती कागद आणि मग रबर, म्हणजे वाटेत उघडणार नाही. पात्याला तेलाचा हलका थर, गंजरोधक कागद मिळाला तर उत्तम, आणि जाड पुठ्ठ्याच्या नळीत असा बसवायचा की हलवल्यावर आवाज येता कामा नये. कुरिअरचे धारदार वस्तूंचे नियम आधी विचार. विमानात बरोबर न्यायचा असेल तर केबिनच्या बॅगेत चालत नाही, चेक-इनमध्येच.

हस्तिदंत किंवा खऱ्या कासवाच्या पाठीची मूठ असलेला वस्तरा कधी हाती आला तर विकायच्या आधी कायदा बघ. साइटिस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारामुळे देशाबाहेर पाठवणं बहुतेक ठिकाणी अडतं आणि बऱ्याच साइट तो विकायलाच देत नाहीत, कितीही जुना असला तरी.

नवागडी

भिंगाने बघितलं, २ नंबरचे डाग धारेपासून दोन मिलिमीटर वरच थांबतात. ठरलं, तोच ठेवतोय. जुनंपोलाद, पॉलिश करणार नाही, सावकाश यांच्या बाजूने मन ओढलं होतं पण लाल गंज दोनच ठिपक्यांएवढा होता, तो तेल आणि बारीक स्टील वूलने निघाला, आता तो काळसर थर मला आवडायला लागलाय. मुठीची चीर वाढू नये म्हणून काय करू?

४ नंबर विकत नाहीये. ३ नंबरचं पातं पण नाही. १ नंबरचं असं लिहिलंय, बघून सांगा :

'सोलिंगेन, ५/८, काळी मूठ, दोन्ही पिना घट्ट. पात्याला टोकापासून १ सेंटिमीटरवर आरपार तडा आहे, लांबी ३ मिलिमीटर, फोटो ४ आणि ५ बघा. टोकाकडची झीज असमान. दाढीसाठी वापरू नये. मुठीसाठी किंवा धार लावायचा सराव करण्यासाठी. जुन्या मालकाकडे कसा वापरला गेला माहिती नाही, जंतुनाशकाने स्वच्छ केलेला आहे.'

सावकाश

छान लिहिलंयस. 'सराव करण्यासाठी' एवढं काढ. सरावाला म्हणून घेतलेल्या वस्तऱ्याला एक दिवस बरी धार लागते आणि मग माणसाला राहवत नाही, तो गालाला लावून बघतोच. 'फक्त मुठीसाठी' लिही. पातं मोडून, निम्मं कापून पाठवलंस तर अजून उत्तम, घेणाऱ्याला आधी सांगून.

शिंगाची_मूठ

मूठ काळी आहे म्हणतोस ती कशाची आहे तेही लिही, घेणारा पहिला हाच प्रश्न विचारेल. कोरड्या कापडाने जोरात चोळून गरम झाली की वास घे, सेल्युलॉइड असेल तर कापराचा वास येतो. कापराचा आला तर 'सेल्युलॉइड, सध्या कुजण्याची खूण नाही' असं स्पष्ट लिही आणि वेगळी ठेव.

तुझ्या शेफिल्डच्या मुठीला नीट्सफूट ऑइल (गुरांच्या पायांपासून काढलेलं तेल) लाव, पातळ थर, रात्रभर राहू दे, सकाळी पुसून परत लाव, असं चार-पाच दिवस. वाळलेलं शिंग तेल पितं आणि चीर पुढे सरकायची थांबते, रंगसुद्धा खोल होतो. चिरेत पातळ सुपर ग्लूचा एकच थेंब सोडायचा असेल तर तो तेलाच्या आधी, नंतर धरणार नाही. भोकं तशीच राहू दे.

नवागडी

काळी मूठ शिंगाचीच निघाली. जाहिरात बदलली, सराव काढून टाकलं. ग्लूचा थेंब सोडलाय, उद्यापासून तेल. धार लावणाऱ्यांशी बोलणं झालंय, ते म्हणाले पाचरीसारख्या जाड पात्याला वेळ लागतो, दोन आठवडे धरा. तोवर पट्टा फिरवायचा सराव बोथट टेबल नाइफने करतोय, पाठीवरून उलटायचं अजून दहातून दोनदा चुकतं.